वार आणि रक्तदाब



गाय व्यायली की वार पडली का, हे आपण जागून पाहतो. घरच्या गरोदर लेकी-सुनेच्या वारेचा विचार मात्र कोणी करीत नाही. बाळाचे अन्न आणि प्राणवायू तिच्यातूनच जातो.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या ‘इर्शा’ संस्थेत गरोदरपणी रक्तदाब चढलेल्या मातांच्या वारेचा अभ्यास झाला आहे. वारेच्या पेशींवर ‘ग्राही’ असतात. रक्तवाहिन्या वाढविणारी द्रव्ये ते धरतात. या आजारात वार असे मोकळे ग्राही आईच्या रक्तात जास्त सोडते. ते ती द्रव्ये मध्येच अडवितात. तणाने खत खाल्ले की पीक उपाशी राहते, तसेच हे. आईच्या रक्तवाहिन्या आखडतात, दाब चढतो, बाळ खुरटते.

पाचव्या महिन्यानंतर दाब १४०/९० वा अधिक भरला, डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडा-हातावर सूज आली किंवा बरगडीखाली दुखू लागले, तर दृष्ट काढत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

पुष्कळदा काहीच न जाणवता दाब चढतो. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणारी मोफत तपासणी पेरणीच्या घाईतही चुकवू नका. पेरणी दोन दिवस मागे-पुढे चालते. ही तपासणी नाही.