शोधात वर यायचं, पण सरळ मार्गाने

मी टी. नरसीपूरबद्दल इंटरनेटवर शोधलं. कावेरी-कपिला संगम, १९८९ पासूनचा कुंभमेळा, सोमनाथपूरचं देऊळ, सगळं मिळालं. हे गाव ज्या म्हैसूर संस्थानात होतं, त्याने १९१८ साली ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून मिलर समिती नेमली. त्याबद्दल मराठीत मात्र फारसं हाती लागलं नाही. शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यासारखाच हाही आपला वारसा आहे.

तो शोधात वर आणणं आपलंच काम. त्यासाठी लिंक विकत घेऊ नका, एकच शब्द पन्नासदा कोंबू नका. २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलापासून गूगल अशा वेबसाइट खाली ढकलतं. स्कॅन केलेली पानं आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. लोक जे विचारतात तेच शीर्षक द्या: ‘मिलर समिती काय होती?’ पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्या, साल आणि आधार द्या. आणि एकमेकांचे लेख वाचून, पटले तरच लिंक द्या.

एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत, ही गूगलची मूळ कल्पना. मताची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. ते विकायचं नसतं, विकत घ्यायचंही नसतं.