ज्ञान साठते, झिरपत नाही

एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने पालो आल्टो येथील आपली जगप्रसिद्ध संशोधन संस्था ‘पार्क’ ही ‘एसआरआय इंटरनॅशनल’ या ना-नफा संस्थेला देणगी म्हणून देऊन टाकली. मूळ व्यवसायावर लक्ष केंद्रित करण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे कंपनीने सांगितले. आजच्या संगणकाचा चेहरामोहरा ज्या प्रयोगशाळेत घडला, तिची जन्मदात्या घराशी असलेली नाळ अशी अर्ध्या शतकानंतर तुटली. संस्थांमध्ये ज्ञान कसे निर्माण होते, कुठे अडते आणि कसे वाया जाते, याचा विचार करणाऱ्यांसाठी या अर्धशतकाचा इतिहास मोठा बोलका आहे. आपली सारी कागदपत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली केली की ‘ज्ञान-व्यवस्थापना’चा प्रश्न सुटला, असे मानण्याकडे उद्योगांचा कल वाढत असताना तर तो नव्याने वाचायलाच हवा.

छायाप्रतीच्या यंत्रांवर अमाप पैसा मिळवलेल्या झेरॉक्सने १९७०मध्ये ‘पार्क’ची स्थापना केली. भविष्यातील कार्यालय कसे असेल याचा शोध घेण्यासाठी तिथे निवडक शास्त्रज्ञ एकत्र आणले गेले. १९७३मध्ये त्यांनी ‘आल्टो’ हा संगणक तयार केला. पडद्यावरील चित्रमय मांडणी, हाताशी माऊस आणि एका संगणकाला दुसऱ्याशी जोडणारे ‘इथरनेट’चे जाळे, हे सारे सत्तरच्या दशकातच तिथे एकत्र नांदत होते. १९७९च्या अखेरीस ‘अॅपल’च्या स्टीव्ह जॉब्ज यांनी ते पाहिले आणि १९८४मध्ये त्यांच्या कंपनीचा ‘मॅकिन्टॉश’ बाजारात आला. झेरॉक्सने स्वतः १९८१मध्ये आणलेल्या ‘स्टार’ या संगणकाची किंमत सोळा हजार डॉलरहून अधिक होती. तो चालला नाही.

ही कहाणी बहुधा झेरॉक्सच्या अधिकाऱ्यांचा करंटेपणा म्हणून सांगितली जाते. मात्र त्यांच्या बाजूने पाहिल्यास चित्र थोडे वेगळे दिसते. ग्राहकाला यंत्र भाड्याने द्यायचे आणि काढलेल्या प्रतींच्या हिशेबाने पैसे घ्यायचे, हे १९५९मध्ये आलेल्या ‘९१४’ या यंत्रापासूनचे कंपनीचे गणित होते. ज्यांची हयात हे गणित सांभाळण्यात गेली, त्यांना कागदाविना चालणाऱ्या कार्यालयाचे स्वप्न कळणार कसे? त्यात शास्त्रज्ञ पश्चिम किनाऱ्यावर, तर निर्णय घेणारे हजारो मैल दूर पूर्वेकडे. अहवाल इकडून तिकडे जात होते, त्यांतला अर्थ मात्र पोहोचत नव्हता.

याला अपवाद ठरला तो लेसर प्रिंटर. गॅरी स्टार्कवेदर यांच्या या कल्पनेला त्यांच्या मूळ विभागात कुणी विचारले नाही. ‘पार्क’मध्ये मात्र ती वाढीस लागली आणि १९७७मध्ये बाजारात उतरल्यानंतर तिने कंपनीला अब्जावधी डॉलर मिळवून दिले. कारण उघड आहे. त्या यंत्रातून कागद बाहेर पडत होता आणि कागदाचा व्यवहार झेरॉक्सला चांगला समजत होता. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या भाषेत जी नवी गोष्ट सांगता येते, ती संस्थेत सहज रुजते. बाकीच्या गोष्टींसाठी दोन्ही बाजू जाणणारे दुभाषे लागतात. ते झेरॉक्सकडे पुरेसे नव्हते.

याच कंपनीत ज्ञानाचा आणखी एक झरा वाहत होता आणि त्याच्याकडे तर कुणाचे लक्षही नव्हते. ऐंशीच्या दशकात ‘पार्क’मधील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या कामाचा अभ्यास केला. कोणत्या बिघाडावर कोणता उपाय करायचा, याची पुस्तिका कंपनीने त्यांना दिली होती. तिच्यानुसार पायरीपायरीने गेले की यंत्र सुरू होणार, अशी वरिष्ठांची समजूत होती. प्रत्यक्षात यंत्रे पुस्तिकेतील क्रमाने बिघडत नसत. प्रत्येक यंत्राची खोड वेगळी, ते वापरणाऱ्यांच्या सवयी वेगळ्या. मग हे तंत्रज्ञ न्याहारीला किंवा जेवणाच्या सुट्टीत एकत्र जमत आणि यंत्रांच्या कहाण्या सांगत. कोणत्या यंत्राने कसे दमवले, संशय कशावर होता आणि खरे दुखणे कुठे निघाले, याची ती चर्चा असे. वरून पाहणाऱ्याला त्या गप्पा म्हणजे कामचुकारपणा वाटावा. कंपनीचे सर्वांत उपयोगी ज्ञान नेमके त्या टेबलाभोवती तयार होत होते, हे ऑर यांनी दाखवून दिले. हा अभ्यास १९९६मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

या निरीक्षणांतून नव्वदच्या दशकात ‘युरेका’ ही व्यवस्था उभी राहिली. तिची सुरुवात फ्रान्समधील तंत्रज्ञांपासून झाली. एखाद्याने सुचवलेली युक्ती आधी त्याचेच सहकारी पारखून घेत, मग ती सर्वांसाठी खुली होई आणि तिच्यावर सुचवणाऱ्याचे नाव असे. हे नाव आणि बरोबरीच्या माणसांची दाद हेच खरे बक्षीस होते. पुढे ही व्यवस्था अनेक देशांत पसरली आणि तिच्यामुळे कंपनीचे कोट्यवधी डॉलर वाचल्याचे मानले जाते. इथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी गप्पा होत्या, परस्परांवरचा विश्वास होता, संगणक मागाहून आला. अनेक कंपन्यांनी ज्ञान-व्यवस्थापनाच्या नावाखाली महागड्या प्रणाली आधी विकत घेतल्या आणि मग त्या भरण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या मागे तगादा लावला. त्या प्रणाली ओस पडल्या, यात नवल नाही.

शब्दांत न मावणाऱ्या या ज्ञानाकडे विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६मध्ये आपल्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात लक्ष वेधले. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५मध्ये त्याला व्यवस्थापनशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले. मराठी घरात हे सांगायला शास्त्राची गरज नाही. भाकरी कशी थापावी हे कितीही सविस्तर लिहिले, तरी पिठाला किती पाणी लागेल हे हातालाच कळते आणि तो हात दुसऱ्या हाताशेजारी बसूनच तयार होतो.

अशा ज्ञानाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत प्रत्येक वेळी पैशांतच मोजता येते असे नाही. जानेवारी २००३मध्ये ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या उड्डाणावेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. नुकसान किती झाले हे पाहण्यासाठी कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवावीत, अशी ‘नासा’च्या अभियंत्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या अपघाताला फेसाइतकीच ‘नासा’ची कार्यसंस्कृतीही कारणीभूत होती, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. गंभीर तांत्रिक प्रश्न सादरीकरणाच्या चार ओळींत कोंबण्याच्या सवयीवरही त्याने बोट ठेवले. १९८६च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेपूर्वीही अभियंत्यांनी थंडीत रबरी कड्यांना असलेला धोका सांगितला होता. दोन्ही वेळी माहिती संस्थेत होती, निर्णय घेणाऱ्यांपर्यंत तिचे गांभीर्य पोहोचले नाही.

त्या तुलनेत ‘इस्रो’चा एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’चे पहिले उड्डाण अपयशी ठरले, तेव्हा अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले, तेव्हा त्यांनी प्रकल्प संचालक अब्दुल कलाम यांना पुढे केले. अपयशाचे खापर आपल्या माथी फुटणार नाही, एवढी खात्री असली की माणसे चुका लपवत नाहीत. २०१९मध्ये ‘चांद्रयान-२’चा लँडर कोसळला. त्यानंतर काय काय बिघडू शकते याचा विचार करून ‘चांद्रयान-३’ची रचना झाली, पाय भक्कम केले गेले, इंधन वाढवले गेले, उतरण्याचे क्षेत्रही विस्तारले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्रावर उतरले. अपयश पचवून त्याचे ज्ञान करणे, हीच नवनिर्मितीची पूर्वअट असते.

हा प्रश्न अवकाशयानांपुरता नाही. मुंबईत पाणी विभागवार आणि ठरावीक वेळी सोडले जाते. त्यासाठी पालिकेचे चावीवाले दररोज शेकडो झडपा उघडतात आणि बंद करतात. कोणती झडप किती फिरवली की कुठल्या वस्तीत दाब येतो, हे त्यांना वर्षांच्या सरावाने ठाऊक असते आणि त्यातले बरेचसे नकाशावर सापडत नाही. असा माणूस निवृत्त होतो, तेव्हा एक नकाशाच शहरातून निघून जातो. जागा रिकामी राहिली किंवा तिथे अल्पमुदतीचा कंत्राटी कर्मचारी आला, तर शिकवणारा आणि शिकणारा यांची भेटच होत नाही. पुण्याच्या हिंजवडीपासून सर्वत्र संगणक उद्योगात ‘केटी’ नावाचा सोपस्कार असतो. नोकरी सोडणाऱ्याने शेवटच्या काही दिवसांत आपले काम दुसऱ्याला समजावून सांगायचे. वर्षांचे ज्ञान त्या मोजक्या तासांत कसे उतरणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार याच पार्श्वभूमीवर व्हायला हवा. जुन्या अहवालांच्या ढिगातून हवा तो परिच्छेद क्षणात शोधून देण्याची तिची क्षमता निर्विवाद आहे. पण ती वाचते ते लिहिलेले. जे कधी लिहिलेच गेले नाही, ते तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याहून मोठा धोका निराळा आहे. शेजारच्या सहकाऱ्याला विचारण्याऐवजी प्रत्येक जण यंत्रालाच विचारू लागला, तर न्याहारीचे ते टेबल रिकामे होईल आणि यंत्राला पुरवायला नवे ज्ञानही उरणार नाही. शिवाय आपल्याला ठाऊक असलेले सारे लिहून दिले की आपलीच गरज संपणार, अशी भीती ज्याला वाटते, तो मन मोकळे करून लिहील कशाला? नोकरकपातीची टांगती तलवार डोक्यावर ठेवून ज्ञान वाटून घेण्याची अपेक्षा करणे हा भाबडेपणा ठरेल.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. निवृत्त होणाऱ्याच्या शेजारी त्याचा वारसदार काही महिने आधीच बसवणे, सहकाऱ्यांशी होणारी चर्चा हा कामाचाच भाग मानणे, चौकशी अहवाल पुढचा प्रकल्प हाती घेणाऱ्यांना वाचायला लावणे आणि युक्ती ज्याची त्याच्या नावाने नोंदवणे, हे कोणत्याही कार्यालयाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागतो तो वेळ आणि खालून येणारा आवाज ऐकण्याची तयारी. संगणकप्रणालीच्या खरेदीसाठी निधी सहज मंजूर होतो. या दोन गोष्टींची तरतूद मात्र वरिष्ठांना स्वतःच करावी लागेल.