अनामत, साक्ष आणि पत



आपल्या घरांतील तरुण पिढीच्या बोलण्यात अलीकडे ‘स्टेकिंग’ हा शब्द वारंवार येतो. ‘नाणी नुसती पडून राहण्यापेक्षा स्टेकिंगला लावली तर वर्षाला काही टक्के मिळतात,’ असे चिरंजीव सांगतात आणि वडीलधाऱ्यांना ती एक प्रकारची मुदत ठेवच वाटते. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. ते जाणून न घेता होकार देणे किंवा नकार देणे, दोन्ही व्यापाऱ्यास शोभणारे नाही. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

प्रारंभ आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यापासून करू. २०२२ साली तेथील एटापल्ली भागात सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद ‘पॉलिगॉन’ नावाच्या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा, हा हेतू होता. प्रमाणपत्राचा संगणकीय ठसा या सामायिक वहीत एकदा उमटला की मागाहून कागदात एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी एक रोजकीर्द होय. प्रत्येक पानावर मागील पानाची खूण असते, त्यामुळे मधलेच पान बदलता येत नाही. परंतु या वहीला मुनीम नाही आणि मालकही नाही. मग पुढचे पान कोणी लिहावे आणि ते खरे कोणी मानावे? बिटकॉइनमध्ये हा मान संगणकांच्या शर्यतीने ठरतो. जो अवघड गणित प्रथम सोडवील, त्याने पान लिहावे. या शर्यतीत प्रचंड वीज जळते. दुसरी पद्धत ‘प्रूफ ऑफ स्टेक’ची, म्हणजे अनामतीच्या जामिनाची.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. शासनाने आधारभूत किमतीने खरेदी केलेला धान भरडाईसाठी गिरणीमालकांकडे जातो. गिरणीमालक करार करतो, बँक हमी देतो आणि मगच धान उचलतो. एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा केला की भरडाईची मजुरी मिळते. तांदूळ आला नाही तर हमी वटवली जाते. हमी हा व्यवहारातील प्रामाणिकपणाचा जामीन आहे, आणि गिरणीमालकाची कमाई त्याने केलेल्या कामाची आहे.

‘व्हॅलिडेटर’ म्हणजे पडताळणीदार हा असाच जामीन देणारा कामगार. इथेरियम या मोठ्या जाळ्यात पडताळणीदार होण्यासाठी किमान ३२ ईथर अनामत ठेवावे लागतात. दर बारा सेकंदांनी एका पडताळणीदाराची चिठ्ठी निघते. तो नव्या व्यवहारांचे पान मांडतो आणि इतर पडताळणीदार ते तपासून त्यावर साक्ष घालतात. एकूण अनामतीपैकी दोन तृतीयांश वजनाच्या साक्षी मिळाल्या की सुमारे तेरा मिनिटांत ते पान कायम मानले जाते. काम चोख केले तर नवीन ईथर आणि व्यवहार शुल्काचा वाटा मिळतो. संगणक बंद राहिला तर थोडी कपात होते. एकाच जागी दोन परस्परविरोधी पानांवर सही केली तर अनामतीचा भाग जप्त होतो आणि पडताळणीदार बाहेर काढला जातो. या जप्तीस ‘स्लॅशिंग’ म्हणतात.

ज्याला स्वतः संगणक चालविणे जमत नाही, तो पॉलिगॉनसारख्या जाळ्यात आपली नाणी दुसऱ्या पडताळणीदाराच्या पाठीशी उभी करू शकतो. पडताळणीदार त्यातून आपले कमिशन कापून घेतो आणि उरलेला मोबदला त्याला मिळतो. आपली मुले ज्याला स्टेकिंग म्हणतात, ते बहुधा हेच असते.

या पद्धतीचा एक गुण आपल्या दृष्टीने विशेष आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने गणिताची शर्यत सोडून अनामतीची पद्धत स्वीकारली आणि त्या जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. ज्या समाजात अनावश्यक आरंभ-समारंभ टाळण्याची शिकवण बालपणापासून मिळते, त्याला या बदलाचे मोल निराळे सांगावे लागू नये.

आता सावधगिरीची बाजू पाहू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याची ठेव बळकावणे, हे दोन आहेत. ब्लॉकचेन पहिल्या दोषाला बऱ्याच अंशी अटकाव करते. तरीही मूळ दाखलाच चुकीच्या माणसाला दिला गेला असेल, तर पडताळणीदारास ते कळत नाही. त्याची साक्ष नोंदीपुरती असते, नोंदीमागील सत्याची नसते.

दुसऱ्या दोषापुढे मात्र हे यंत्र हतबल आहे. बहुतेक लोक नाणी स्वतःच्या ताब्यात न ठेवता एखाद्या कंपनीच्या ॲपमध्ये ठेवतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारमंचातून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीस गेली आणि खातेदारांना आपली नाणी परत मिळण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. येथे तसे काहीही नाही.

मोबदल्याचा हिशेबही नीट मांडावा. तो नाण्यांत मिळतो, रुपयांत नव्हे. वर्षाला चार टक्के नाणी वाढली आणि नाण्याचा भाव चाळीस टक्के उतरला, तर शंभर रुपयांचे सुमारे बासष्ट उरतात. अनामत काढून घेण्यासही थांबावे लागते. इथेरियमवर तर १२ एप्रिल २०२३ पर्यंत ती काढण्याची सोयच नव्हती. हंगामात धान खरेदीसाठी लागणारे खेळते भांडवल अशा ठिकाणी अडकविणे म्हणजे दुकानाची पत पणाला लावणे होय. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा अन्य कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. स्टेकिंगच्या मोबदल्याची नोंद कशी करावी, हे आपल्या सनदी लेखापालांना आधीच विचारून घ्यावे.

म्हणून घरात हा विषय निघाला की चार प्रश्न शांतपणे विचारावेत. नाण्यांची किल्ली कोणाच्या हाती आहे? पडताळणीदार कोण असून त्याचे कमिशन किती आहे? अनामत सोडविण्यास किती दिवस लागतात? आणि मिळणारा मोबदला नेमक्या कोणत्या कामाचा आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खऱ्या स्टेकिंगचा मोबदला जाळ्याच्या नियमाने ठरतो आणि तो कमीअधिक होत राहतो. जो दरमहा ठरावीक टक्क्यांची हमी देतो आणि आणखी सभासद आणावयास सांगतो, त्याच्याकडे पडताळणीचे काम नसतेच. तो नव्याचे घेऊन जुन्याला देत असतो.

चिरंजीवांना या चारही प्रश्नांची उत्तरे देता आली, तर त्यांनी विषय अभ्यासला आहे असे समजावे आणि गेली तरी घराला झळ लागणार नाही एवढ्याच रकमेची मर्यादा परिग्रह-परिमाणाप्रमाणे आधी ठरवून द्यावी. उत्तरे देता आली नाहीत, तर ती मिळेपर्यंत तिजोरी उघडू नये.