आरोग्याच्या चार गोष्टी : एको नॉर्मल, तरी छाती का दडपते?



आमच्या मोठ्या बंधूंना जिना चढताना छातीत दडपल्यासारखं होऊ लागलं. दोन मिनिटं थांबलं की बरं. एको काढला, रिपोर्ट नॉर्मल! दादा खूश. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, गॅस असेल." पण दडपण काही जाईना. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा एको केला, या वेळी 'स्ट्रेन' मोजून. नकाशात एका बाजूचा रंग फिका दिसला. पुढे अँजिओग्राफीत रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली आणि स्टेंट बसला.

हा स्ट्रेन म्हणजे काय? साध्या एकोत हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते पाहतात. स्ट्रेनमध्ये स्नायू स्वतः किती आखडतो ते मोजतात. एकोच्या चित्रात बारीक ठिपके दिसतात. ते ठोक्यागणिक कसे सरकतात, याचा माग कॉम्प्युटर ठेवतो. निरोगी माणसात आकडा उणे २० टक्क्यांच्या आसपास येतो. उणे पाहून घाबरू नका, स्नायू लांबीने कमी होतो म्हणून ते चिन्ह.

रक्त कमी पडलं की सर्वांत आधी हृदयाचा आतला थर कुरकुरतो. तिथले धागे उभे असतात, म्हणून उभं आखडणं आधी मंदावतं. एकूण पंपिंग मात्र तेव्हाही चांगलं दिसू शकतं. दादांचं हेच झालं.

अभिमानाची गोष्ट म्हणजे ही पद्धत पुढे आणण्यात आपल्या इस्रायलचा मोठा वाटा आहे. हैफा आणि झरिफीन इथल्या डॉक्टरांचे यावरचे लेख २००४ साली अमेरिकेच्या एको-तज्ज्ञांच्या मासिकात आले.

सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पण हा शेवटचा शब्दही नाही, बरं का! ब्लडप्रेशर, मधुमेह यांनीही आकडा घसरतो. चित्र अस्पष्ट असेल तर चुकतो. उलट, वाहिनी अरुंद असूनही बसल्या जागी आकडा चांगला येऊ शकतो. म्हणून कधी श्रमाची चाचणी, कधी सीटी किंवा अँजिओग्राफी लागतेच.

तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास लपवू नका. चालताना दडपतं, थांबल्यावर जातं, हे कुपत होलीमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि बसल्या जागी छाती दुखू लागली, घाम फुटला, तर मुलांची वाट पाहू नका. लगेच १०१ फिरवा.