बाबांनी इतकी वर्षं न सांगितलेलं

लेकाला डिस्लेक्सिया आहे हे कळलं, तेव्हा मी रात्रभर स्वतःलाच दोष देत राहिले. सकाळी बाबा हळूच म्हणाले, "अगं, मलाही वाचताना अक्षरं लागायची नाहीत. मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, पण कुणाला बोललो नाही."

डिस्लेक्सिया घराण्यात चालतो, तो असा. त्यामागे एक नाही, अनेक जनुकं असतात. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. यात आळस नाही, बुद्धी कमी नाही, आईचे लाडही नाहीत. आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलात शक्यता वाढते. येईलच असं नाही.

मूल वाचायचं टाळत असेल, तर रागावण्याआधी घरातल्या मोठ्यांना त्यांच्या शाळेबद्दल विचारा. लवकर कळलं, तर शिकवायची पद्धत लवकर बदलता येते.