आधी ब्रेक, मग ट्रॉली

तुळजापूरचा घाट उतरताना कडब्याने भरलेली ट्रॉली मागून रेटू लागते, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याच्या पोटात गोळा येतो. ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. सगळे ओझे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थोपवायचे. जोरात दाबले तर ट्रॉली ट्रॅक्टरलाच आडवे लोटते. आणि कडब्यावर आपल्याच घरातली बायकापोरे बसलेली असतात.

भावांनो, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी हार, नारळ, पेढे सगळे झाले. पेडलला ढिलेपणा किती असावा, हे मात्र कोणी दाखवले नाही. ट्रॉली बांधून घेताना ब्रेकचे पैसे वाचवले ते आपणच; तो दोष दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

शेतात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा लागतो. रस्त्यावर आलो की दोन्ही पेडलांची कडी जोडलीच पाहिजे. जोडूनही ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल, तर एका बाजूचा ब्रेक आधी लागतो आहे असे बहुतेक वेळा निघते. जीप-टेम्पोचे पेडल स्पंजासारखे दबले तर नळीत हवा शिरली आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. झाकण उघडे राहिलेल्या डब्यातले ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. उतारावर तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्यांना तर काय सांगावे!

हे वाचून कोणी मिस्त्री होत नाही. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल ढिले करायचे, आणि पेडल सोडण्याआधी ते पुन्हा आवळायचे. हा ठेका दोनदा चुकल्यावर हाताला कळतो.

आयटीआयत मेकॅनिक ट्रॅक्टरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. चांगला आहे, दहावी झालेल्या पोरांनी जरूर करावा. पण आज ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे तो वर्षभर बाकावर बसणार नाही. त्याला दोन दिवस हवेत, आणि समोर त्याचीच गाडी हवी. म्हणून आमची मागणी आहे की कारखान्यांचे गाळप सुरू होण्याआधी दोन रविवार जिल्ह्यातल्या आयटीआयची कार्यशाळा शेतकऱ्यांना उघडी करावी. अनुदान नको. लायनर, रबर, ऑइलचे पैसे आम्ही भरू.

तोवर सुरुवात आपल्यापासून. पुढच्या जिल्हा बैठकीला ट्रॅक्टर आणणाऱ्यांनी ट्रॉली जोडूनच आणावी. जॅक, पाने आणि चाकाखाली लावायला दोन ओंडके सोबत असू द्यावेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ओले फडके आणावे.