घोळीची भाजी आणि जमिनीचा घोळ

पावसाळा आला की कोल्हापुरात रानभाज्यांचे कौतुक सुरू होते. महोत्सव भरतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, टेबलावर घोळ, कुर्डू, टाकळा, पाथरी मांडली जाते आणि 'निसर्गाने फुकट दिलेला ठेवा' असे भाषण ठोकले जाते. आमचा पहिला आक्षेप या 'फुकट' शब्दाला आहे.

घोळ म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारी, लालसर रसाळ देठांची, जाड पानांची वनस्पती. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरासिया. बारीक पानांची तिची बहीण ती चिगळ. उपटून बांधावर फेकली तरी ती लवकर मरत नाही. देठाचा तुकडा ओलीत पडला तर पुन्हा मूळ धरतो. शेतीच्या पुस्तकात तिचे नाव 'तण' आहे. दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या ओच्यात मात्र ती संध्याकाळची भाजी आहे. मजुरी गड्यापेक्षा कमी, डाळ परवडत नाही, म्हणून भांगलता भांगलता वेचलेली भाजी. लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर डाळ असली तर डाळ, नसली तर शेंगदाण्याचे कूट घालून गरगटे. दिवसभर उन्हात वाकलेल्या कमरेची किंमत ज्या भाजीत आहे, ती फुकट कशी?

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. घोळीसारखीच जमिनीवर पसरणारी दुधी नायटी असते. देठ मोडला की पांढरा चीक येतो, ती खायची नाही. घोळीच्या देठातून नुसते पाणी निघते. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असते, म्हणून मुतखडा असलेल्याने जपून खावी. ताकात किंवा दह्यात केली तर ते शरीरात कमी शोषले जाते. १९८६ मध्ये आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सालेम यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की घोळीत ओमेगा-३ मेदाम्ल आहे. पालेभाजीत ते इतके सापडणे दुर्मीळ. तेव्हापासून ती 'सुपरफूड' झाली. पण कोणते पान खायचे, कोणते टाकायचे, कशाबरोबर शिजवायचे, हे शाळेची पायरी न चढू दिलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. प्रयोगशाळेने सांगितले की विज्ञान, संस्कृत श्लोकात सापडले की प्राचीन परंपरा आणि महारा-मांगाच्या बाईने सांगितले की 'गरिबाचे खाणे', ही वर्गवारी कुणी केली?

अमेरिकन लेखक थोरो यानेही घोळ खाल्ली. १८५४ च्या 'वॉल्डन'मध्ये तो सांगतो की शेतातली घोळ उकडून, मीठ लावून त्याचे समाधानाने जेवण झाले. साधेपणाचा धडा म्हणून जग ते वाचते. पण ज्या जमिनीवर तो राहिला, ती त्याच्या मित्राची, इमर्सनची होती आणि त्याला कधीही उठून गावात परत जाता येत होते. निवडलेला साधेपणा आणि लादलेली गरिबी यांच्या ताटात एकच भाजी असली, तरी ती दोन वेगळी जेवणे आहेत.

आमच्यातलेच काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. मग ही दारिद्र्याची आठवण कशाला कुरवाळायची? आम्ही म्हणतो, ते भाषण पुरते समजून घ्या. शिळा तुकडा कुणीतरी वरून टाकत होते आणि घेणाऱ्याची मान खाली जात होती. बाबासाहेबांनी ती लाचारी मोडायला सांगितली. घोळ कुणी दान दिली नाही. ती आमच्या बायकांनी ओळखली, वेचली, शिजवली. त्यात लाज कसली? आणि त्याच महाडला बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती : पडीक जंगलजमिनी मिळवा, शेती करा. तुकडा सोडा आणि जमीन घ्या, ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. पहिले आम्ही पाळले. दुसरे आम्हाला पाळू दिले गेले नाही.

खरा घोळ इथे आहे. घोळ उगवते मालकाच्या रानात. ती तण होती, कवडीमोल होती, तोवर मालक वेचू देत होता. आता शहरात पेंडीला भाव येऊ लागला. उद्या तोच मालक 'माझ्या रानातली भाजी' म्हणणार नाही कशावरून? दुसरीकडे उसाच्या पट्ट्यात भांगलणीऐवजी ॲट्राझिन आणि टू-फोर-डी मारले जाते. २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदीसाठी ज्या २७ कीडनाशकांचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही होती. एका फवारणीत बाईचा रोजगारही जातो आणि तिची भाजीही. पाठीवर पंप घेऊन ते मारणारा मजूर पुन्हा आमच्याच वस्तीतला. आणि फवारलेल्या रानातली घोळ वेचली, तर विष तिच्याच पोरांच्या ताटात.

याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्या रेट्यातूनच पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची शेती नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी कित्येकांचा सातबारा कोराच राहिला आणि २०२२ मध्ये गायरानावरच्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या, तेव्हा धास्ती गरिबाच्या झोपडीलाच होती.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. महोत्सवाच्या मंचावर पाहुणे नकोत, वेचणाऱ्या बाया बसवा आणि त्यांच्या माहितीचे मानधन द्या. मंडईत त्यांना हक्काची जागा द्या. फवारलेल्या रानावर पाटी लावणे बंधनकारक करा. आणि गायरान कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर, त्याच्या बायकोच्या नावासह, जमीन करा. मग आमची बाई स्वतःच्या बांधावरची घोळ खुडेल. खायची की विकायची, ते तीच ठरवेल.

जय भीम!